झोपेची गोळी सुटते, पण सावकाश

"काल गोळी घेतली नाही आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणजे मला गोळी लागतेच." झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. ऐकायला बिनतोड वाटतं, पण त्यात एक गफलत आहे. ती जागरणाची रात्र मूळच्या निद्रानाशाची असेलच असं नाही. बरेचदा ती गोळीनेच तयार केलेली असते. एवढं ध्यानात आलं की या गोळ्या सोडवण्याच्या उपचाराचं निम्मं गणित उलगडतं.

कोणत्या गोळ्यांबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी बेंझोडायझेपाइन या एकाच कुळातली. झोल्पिडेम आणि झोपिक्लोन ही नंतर आलेली 'झेड' औषधं. रसायन वेगळं असलं तरी मेंदूत ती याच कुळाच्या जागेवर जाऊन बसतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली, नियमाने घेतलेली, कधी चोरून न आणलेली औषधं. तरीही ती सुटत नाहीत, आणि माणसाला स्वतःचीच लाज वाटायला लागते.

लाज वाटण्यासारखं यात काही नाही. अवलंबित्व आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध बंद केल्यावर शरीराला त्रास होतो, हे झालं अवलंबित्व. नुकसान दिसत असूनही औषधाच्या मागे धावणं, त्यासाठी खोटं बोलणं, डोस आपल्याच मनाने वाढवत नेणं, हे झालं व्यसन. मानसिक आजारांच्या निदानासाठी जगभर वापरली जाणारी अमेरिकी नियमावली २०१३ साली सुधारली गेली. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं जात असेल, तर नुसती सवय आणि बंद केल्यावरचा त्रास एवढ्यावरून व्यसनाचं निदान करू नये, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. ठरलेल्या वेळी ठरलेली अर्धी गोळी घेणारी सत्तरीतली आजी व्यसनी नसते. पण तिची ती अर्धी गोळी एकाएकी बंद केली, तर तिचं शरीर मात्र जोरदार तक्रार करू शकतं.

ही तक्रार येते कुठून

मेंदूत पेशींना उत्तेजित करणारे निरोप असतात, तसे त्यांना शांत करणारेही असतात. शांत करण्याचं मुख्य काम 'गॅबा' नावाचं रसायन करतं. गॅबा पेशीवरच्या एका विशिष्ट दाराशी जाऊन बसलं की ते दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी थोडी मंदावते. बेंझोडायझेपाइन हे दार स्वतः उघडत नाही. गॅबा आलं की दार नेहमीपेक्षा जास्त वेळा उघडेल, एवढंच ते बघतं. म्हणून गोळी घेतल्यावर विचारांचा कल्लोळ ओसरतो, स्नायू सैल पडतात, डोळे जड होतात.

मेंदूला मात्र अशी परस्पर केलेली ढवळाढवळ फार काळ चालत नाही. रोज रात्री बाहेरून शांतता येतेय म्हटल्यावर तो आपल्या बाजूने जोर लावतो. शांत करणारी दारं गोळीला पूर्वीसारखी दाद देत नाहीत आणि उत्तेजित करणारी यंत्रणा जास्त सावध राहते. रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला गोळी, दुसऱ्या बाजूला मेंदू, दोघंही जोर लावतायत आणि मधली खूण जागची हलत नाही. बाहेरून सगळं आलबेल दिसतं. याच अवस्थेतला माणूस म्हणतो, "गोळीने आता काही वाटत नाही, पण घ्यावी लागते."

आता गोळीने दोर एकदम सोडला तर मेंदू पाठीवर आपटतो. झोप उडते, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो. दिवा डोळ्यांत खुपतो, साधा भांड्याचा आवाजही सहन होत नाही. अंगाला मुंग्या येतात, स्नायू दुखतात. काहींना आजूबाजूचं जग काचेपलीकडचं, खोटं वाटतं. डोस मोठा असेल आणि तो तडकाफडकी थांबवला, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. क्वचित हे जिवावर बेततं. बऱ्याच औषधांचं अवलंबित्व सोडताना माणूस हालअपेष्टांतून जातो, पण मरत नाही. दारू आणि या गोळ्या यांचं तसं नाही, त्या एकदम सोडणंच धोक्याचं ठरू शकतं. म्हणून 'आजपासून हात लावणार नाही' असला बाणेदारपणा इथे कामाचा नाही.

हे सगळं फार लवकर कळलं होतं, हे मला राहून राहून खटकतं. १९०३ पासून बार्बिट्युरेट ही झोपेची औषधं वापरात होती. झोपेचा डोस आणि मरणाचा डोस यांच्यात त्यांनी फारसं अंतर ठेवलं नव्हतं. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेलं क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये बाजारात आलं, १९६३ मध्ये डायझेपाम आलं, आणि जुन्या औषधांच्या तुलनेत ही फारच सुरक्षित म्हणून डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण १९६१ मध्येच लिओ हॉलिस्टर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला होता. क्लोरडायझेपॉक्साइडचे मोठे डोस काही महिने घेतलेल्या ११ रुग्णांना त्यांनी अचानक बिनऔषधाच्या गोळ्यांवर नेलं. १० जणांना त्रास झाला, २ जणांना फिट आली. तरीही दोन-अडीच दशकं या गोळ्या सढळ हाताने लिहिल्या जात राहिल्या. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने त्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत, असं बजावलं ते १९८८ साली. अमेरिकेच्या औषध नियामकाने अवलंबित्वाचा ठळक चौकटीतला इशारा सगळ्या बेंझोडायझेपाइनवर सक्तीचा केला तो २०२० मध्ये.

आजार परत आला की गोळी बोलतेय?

रुग्ण आणि कधीकधी डॉक्टरही चकतात ते इथे. गोळी कमी केल्यावर होणाऱ्या त्रासाचे तीन प्रकार असतात, आणि तिघांचा चेहरा सारखाच.

पहिला म्हणजे उसळी. जो त्रास होता तोच, पण पूर्वीपेक्षा जोरात, काही दिवसांपुरता. झोपेच्या गोळीनंतरच्या एक-दोन भयंकर रात्री बहुधा याच्या असतात. दुसरा खरा माघारीचा त्रास. यात पूर्वी कधीच नसलेल्या गोष्टी दिसतात, म्हणजे आवाज सहन न होणं, मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात आवाज. तिसरा मूळ आजार परतणं. तो सहसा हळूहळू, काही आठवड्यांनी डोकं वर काढतो आणि आपणहून ओसरत नाही. तेव्हा त्रास कधी सुरू झाला, किती टिकला आणि त्यात नवीन काय आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं रोज वहीत दोन ओळी लिहून ठेवली तर मिळतात. आठवणीवर सोडलं तर सगळ्या वाईट रात्री एकमेकींत मिसळून जातात.

वेळेचा हिशेब औषधागणिक बदलतो. शरीरातलं औषध निम्म्यावर यायला झोल्पिडेमला सुमारे अडीच तास लागतात, अल्प्राझोलामला साधारण ११ तास. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात तयार होणारे घटक कित्येक दिवस रेंगाळतात. म्हणून अल्प्राझोलाम चुकलं तर दुसऱ्याच दिवशी जीव कासावीस होतो, तर डायझेपाम थांबवल्यावर आठवडाभर काहीच होत नाही आणि 'सुटलं बुवा' म्हणेपर्यंत त्रास दारात उभा असतो. हॉलिस्टरच्या त्या दोन रुग्णांना फिट आली ती सातव्या-आठव्या दिवशी, कारण तेही रेंगाळणारंच औषध होतं. कमी काळ टिकणाऱ्या औषधात आणखी एक चमत्कारिक प्रकार घडतो. रात्रीच्या गोळीचा अंमल दुपारपर्यंत उतरतो आणि रोज त्याच सुमारास अस्वस्थता येते. माणसाला वाटतं, आजार वाढला, डोस वाढवायला हवा. खरं तर ती रोजच्या रोज होणारी छोटी माघार असते.

उतरणीचा हिशेब

उपचाराचा गाभा एका वाक्यात मावतो: डोस इतका हळू कमी करायचा की मेंदूला आपला दोर सैल करायला वेळ मिळावा. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने इतर वैद्यकीय संघटनांना सोबत घेऊन जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सुरुवात दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात करून करावी, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर सहसा जाऊ नये, असं म्हटलं आहे.

ही टक्केवारी चालू डोसाची धरतात तेव्हा काय होतं ते बघा. १० मिलिग्रॅमवरून दरमहा १० टक्के कमी करायचे ठरवले, तर पहिल्या महिन्यात १ मिलिग्रॅम जातो, दुसऱ्यात ०.९, तिसऱ्यात ०.८१. पायरी दर वेळी लहान होत जाते, आणि सातव्या महिन्यात डोस निम्म्याखाली येतो. सात महिने म्हटल्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पण दहा वर्षं घेतलेल्या गोळीसाठी एक-दीड वर्ष लागलं, तर त्याला उशीर म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पायऱ्या शेवटी शेवटी लहान करायच्या त्यामागे कारण आहे. औषधाच्या पहिल्या थोड्याशा मात्रेनेच मेंदूतल्या बऱ्याच जागा व्यापल्या जातात आणि पुढच्या प्रत्येक मिलिग्रॅमचा वाटा घटत जातो. त्यामुळे १० वरून ९ वर येणं मेंदूला जेमतेम जाणवतं, पण १ वरून शून्य ही त्याच्या दृष्टीने उंच उडी असते. 'आता पावच तर राहिली, टाकून देतो' असं म्हणणारे बरेचदा इथेच आपटतात आणि मग सगळ्या प्रवासावरच विश्वास गमावून बसतात. मला विचाराल तर या साऱ्या उपचारात सर्वात दुर्लक्षित गोष्ट हीच.

गोळीवरच्या आकड्यानेही दिशाभूल होते. अल्प्राझोलामची ०.५ मिलिग्रॅमची गोळी 'अगदी कमी पॉवरची' वाटते. प्रत्यक्षात ती डायझेपामच्या कित्येक मिलिग्रॅमच्या बरोबरीची असते. काही तक्ते ५ च्या आसपास सांगतात, काही १०. तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणूनच एका औषधावरून दुसऱ्यावर जाण्याचा हिशेब घरी बसून करू नये.

असं औषध बदलणं हाही उपचाराचा एक मार्ग आहे. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल इथे हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. कमी काळ टिकणाऱ्या औषधावरून रुग्णाला हळूहळू डायझेपामवर न्यायचं आणि मग डायझेपाम उतरवायचं, ही पद्धत मुख्यतः त्यांच्या अनुभवातून पसरली. डायझेपाम रक्तात सावकाश उतरतं, त्यामुळे दिवसभरातले हेलकावे कमी होतात, आणि ते लहान मात्रांत मिळत असल्याने कपातीला सोयीचं पडतं. पण वय झालेल्या किंवा यकृत दुबळं असलेल्या माणसात तेच साठत जातं आणि माणूस दिवसाही गुंगीत राहतो. अशांना बदल न करता आहे तेच औषध हळू कमी करणं बरं. सरसकट सगळ्यांना लागू पडेल असा एक तक्ता इथे नाही.

घरच्या घरी केलेल्या युक्त्यांत सर्वात जास्त दिसणारी म्हणजे 'एक दिवसाआड'. डोस निम्मा झाला, असं कागदावर वाटतं. कमी काळ टिकणाऱ्या औषधात प्रत्यक्षात मेंदूला एक दिवस पूर्ण गोळी आणि एक दिवस पूर्ण माघार असे हिसके बसतात. रोज थोडी कमी, पण रोज, हे बरोबर. गोळीचे तुकडे करायला औषधाच्या दुकानात मिळणारं कटर वापरा. मात्र सावकाश विरघळणाऱ्या, दिवसभर पुरणाऱ्या गोळ्या मोडायच्या नसतात. मोडली की साठवलेला सगळा डोस एकदम सुटतो.

आणि वेळापत्रक? ते पेन्सिलने लिहावं. एखादी कपात जड गेली तर आहे त्या डोसावर आणखी दोन-चार आठवडे थांबायचं, त्याला हरणं म्हणत नाहीत. फार त्रास झाला तर डॉक्टर एक पायरी मागेही नेतात. टाळायचं ते एवढंच, की वाईट दिवशी गुपचूप एक जादा गोळी घ्यायची आणि चांगल्या दिवशी हिशेबातली गाळायची. ज्या उपचारात वेग रुग्णाला विचारून ठरत नाही, 'महिन्याभरात बंद' असं फर्मान निघतं, तो मी तरी उपचार म्हणणार नाही.

गोळीच्या जागी काय

दुसरी गोळी, हे उत्तर सगळ्यांनाच हवं असतं. क्लोनाझेपामऐवजी झोल्पिडेम दिलं तर कुलूप तेच, किल्ली फक्त वेगळी. प्रेगाबालिनसारख्या औषधांचं स्वतःचंच अवलंबित्व होतं. सर्दीच्या गोळ्यांतली जुनी झोप आणणारी औषधं म्हाताऱ्या माणसांना गोंधळात टाकतात. मेलाटोनिनचा उपयोग होतो तो माफकच. मुळात चिंतेचा किंवा नैराश्याचा आजार असेल, तर त्यासाठीचं योग्य औषध कपात सुरू होण्याआधी स्थिरावलेलं असावं, एवढं मात्र खरं.

झोपेपुरतं बोलायचं तर सर्वात भक्कम पुरावा गोळीचा नाही, सवयी बदलणाऱ्या उपचाराचा आहे. निद्रानाशासाठीची वर्तन उपचारपद्धती काही आठवड्यांची असते आणि ऐकायला उलटी वाटते. झोप येत नाही म्हणून लवकर आडवं व्हायचं नाही, उलट अंथरुणातला वेळच कमी करायचा. पाच तास झोप लागत असेल तर सुरुवातीला जेमतेम साडेपाच-सहा तासच आडवं व्हायचं. उठण्याची वेळ रोज एकच, आदली रात्र कशीही गेलेली असो. वीस मिनिटं टक्क जागे असाल तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं, डोळे मिटायला लागले की परत यायचं. अंथरूण म्हणजे तळमळ हे समीकरण अशाने मोडतं. पहिला आठवडा जिवावर येतो. पण कॅनडात २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात नुसता डोस कमी करत नेलेल्यांपैकी ३८ टक्क्यांची गोळी पूर्ण सुटली, तर जोडीला ही उपचारपद्धती मिळालेल्यांत ७७ टक्क्यांची. माणसं थोडी होती, साठच्या आसपास, तरी फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

त्याहून साधी गोष्ट कॅनडातच २०१४ साली दिसली. ६५ वर्षांपुढच्या लोकांना एक पुस्तिका दिली. तुमच्या गोळीचे धोके काय, पडणं, हाड मोडणं, विसराळूपणा यांच्याशी तिचा संबंध कसा, आणि पायरीपायरीने ती कशी सोडतात, एवढंच तिच्यात होतं. सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी गोळी सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. एवढी वर्षं त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, असाही त्याचा अर्थ होतो.

काही जणांनी मात्र घरी राहून हे करूच नये. पूर्वी फिट किंवा भ्रम झालेले, खूप मोठा डोस घेणारे, सोबत दारू पिणारे, आत्महत्येचे विचार येणारे यांना रुग्णालयात ठेवून उपचार लागू शकतात. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं चालू असतील तर दोन्ही मिळून श्वास मंदावण्याचा धोका असतो, तिथे काय आधी कमी करायचं हे डॉक्टरच ठरवतील. गरोदर बाईने घाबरून एका दिवसात गोळ्या थांबवू नयेत. आणि क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम अपस्मारासाठी चालू असेल, तर या लेखातलं काहीही त्या गोळीला लागू नाही.

शेवटची गोळी संपल्यावर त्रास सरळ रेषेत उतरत नाही. आठवडाभर बरं, मग दोन दिवस जुनं सगळं परत, मग पुन्हा उघडीप. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं, काहींना महिने लागतात. बरेच जण या काळात गोळ्यांची एक पट्टी कपाटात ठेवून देतात. घ्यायची नसते, पण 'आहे' एवढ्यानेच झोप लागते. घरात दुसऱ्या कुणाच्या हाती पडणार नसेल तर त्यात फार बिघडतं असं नाही. फक्त एक लक्षात असू द्या. ज्या डोसाने पूर्वी काहीच वाटत नव्हतं, त्याची सवय आता अंगातून गेलेली आहे. वर्षभराने एखाद्या वाईट रात्री तीच जुनी मात्रा घेतली, आणि त्यात दारूही असली, तर शरीराच्या दृष्टीने ती पहिलीच वेळ असते. म्हणून कपाटातली ती पट्टीही केव्हातरी औषधाच्या दुकानात परत द्यायची असते.